कांडी संपली की उठायचं

तू गेलीस आणि टोपलीत एक कांडी शिल्लक ठेवली नाहीस.

तेरावं झालं, माणसं पांगली, आपली शांता बोरगावला सासरी परत गेली आणि मी पहिल्यांदा मागावर बसलो. खड्ड्यात पाय सोडले, पायाखालच्या पावड्या दाबून पाहिल्या, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला तर आत कांडी नाही. तुझ्या टोपलीत हात घातला. रिकाम्या कांड्या ढीगभर होत्या, सूत भरलेली एकसुद्धा नव्हती. दुसऱ्यांच्या बायका जाताना काय काय मागे ठेवून जातात. तू आडवं घालायला वीतभर सूतही ठेवलं नाहीस. मला आधी रागच आला. रडू नंतर आलं.

हे मी लिहितोय खरा, पण तुला वाचता येत नव्हतं, आणि तू असतीस तर मी लिहिलंही नसतं. घरात बोलायला माणूस नाही म्हणून दौत काढली. चौथीपर्यंतची शाळा एवढ्यापुरती उपयोगी पडली म्हणायची.

आपलं भांडण तसं एकच होतं, पण जन्मभर पुरलं. मी विणणारा, तू कांड्या भरणारी. शहापुरात घरोघरी हेच, पुरुष मागाच्या खड्ड्यात आणि बायका कांडीच्या रहाटावर. बाकीच्यांच्या मागाशेजारी सकाळीच भरलेल्या कांड्यांची टोपली येऊन बसायची आणि त्यांचा धोटा संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही. माझ्या मागाशेजारी मोजक्या चार-पाच. त्या संपल्या की मी ओरडायचं, "कांडीऽऽ!" आणि दारालगतच्या सोप्यावरून तुझं उत्तर यायचं, "आली की वो! जीव चाललाय का काय?" पण कांडी यायची नाही. त्याऐवजी तू म्हणायचीस, "तवर उठा जरा. मागं परड्यात दोडक्याला पानी घाला."

कधी दोडका, कधी म्हशीचं रेडकू सुटलंय, कधी "बाहीर या, कोन आलंय बगा." बाहेर यावं तर कोणीच आलेलं नसायचं. फार तर गल्लीतून एखादा म्हातारा काठी टेकत चाललेला असायचा आणि तू म्हणायचीस, "इचारा की त्यास्नी, कसं हाय म्हनून." मी विचारायचो. म्हातारा सांगायला लागायचा. ताणलेला माग मागे माझी वाट बघत असायचा आणि माझा जीव तिकडं.

माझा स्वभाव तुला ठाऊक. कात्री कोनाड्यात उजवीकडं, तेलाची बाटली डावीकडं, फणी पुसायचं फडकं खुंटीला. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. तुझं सगळं उलट. मिठाच्या बरणीत सुई सापडायची आणि सुया ठेवायच्या डबीत वेलदोडे. अशा बाईच्या हातात माझ्या कामाची दोरी दिलेली, असं मी चारचौघांत म्हणायचो. तू ऐकून हसायचीस आणि पुन्हा चारच कांड्या भरायचीस.

एकदा बेळगावच्या वाचनालयात एका मास्तरांचं व्याख्यान ऐकून आलो. विषय होता वेळेचा सदुपयोग. माणसानं आपला दिवस बांधून घेतला तर आयुष्य दुप्पट होतं, असं ते म्हणाले आणि ते माझ्या मनात घर करून बसलं. घरी येऊन जाड कागदावर मोठ्या अक्षरांत दिवसाचा आराखडा लिहिला आणि खिळ्याला टांगला. तू रहाट थांबवून विचारलंस, "काय काय हाय त्यात?"

मी वाचून दाखवलं. "उठणे. स्नान. देवपूजा. माग. जेवण. माग. चहा. माग."

"आनि मी कुठं हाय?"

"तू? तू कांड्या."

तू इतकी हसलीस की समोरच्या गंगाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. मला हसण्यासारखं काय झालं ते कळेना. आठवड्याभरानं खिळ्यावर कागद दिसेना. तो तू लोणच्याच्या बरणीवर फडक्याचा दादरा बांधताना आत घातला होतास. विचारलं तर म्हणालीस, "कागूद चांगला जाड हाय तुमचा." ते लोणचं त्या वर्षी फार टिकलं, हेही सांगायला तू विसरली नाहीस.

आणि तुझा तो शब्द. चार-पाच कांड्या भरल्या की रहाटाचं चाक तळहातानं थांबवायचीस आणि स्वतःशीच म्हणायचीस, "साकु." कानडीत पुरे. तुझ्या माहेरची कानडी एरवी देवापुढं किंवा शांतेला रागवतानाच बाहेर यायची. पण हा शब्द रोज, दिवसातून कितीदा तरी. मला त्याचा जाच व्हायचा. मला पुरे झालेलं नसताना हिला कसं पुरे होतं, असं वाटायचं.

आता घरात तो शब्द नाही. मी सकाळी उठून सगळ्या वस्तू जागच्या जागी लावतो आणि त्या जागच्या जागीच राहतात. वाटी जिथं ठेवली तिथंच दुसऱ्या दिवशी सापडते. जन्मभर मागितलं ते मिळालं, आणि त्या लावलेल्या घरात मला बसवत नाही. परवा मिठाच्या बरणीत सुई मिळाली तेव्हा मी ती काढली नाही. आहे तिथंच आहे.

शांतेचं काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती कमरेला पदर खोचून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आप्पा, तुमी माझ्यासंगं बोरगावला चला. माग काढून टाकू. लाकूड काय कुनीबी घील."

"मला काय धाड भरलीया?"

"धाड न्हाई भरली. पन खड्ड्यातनं उठवाय कोन हाय तुमास्नी आता? अव्वा न्हाई."

माझ्या वडिलांचं काय झालं ते तिनं लहानपणी पाहिलंय. उभा जन्म खड्ड्यात बसून त्यांचे पाय वाळले. शेवटी मी एका बगलेत आणि शेजारचा दुसऱ्या बगलेत हात घालून त्यांना वर काढायचो, आणि ते वर आल्यावरही हात धोटा फेकल्यासारखे हलवत असायचे. पोर त्या आठवणीनं घाबरलीय, असं मी समजलो. आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो.

पण मला जायचं नव्हतं. जावई सोन्यासारखा आहे, तंबाखूचं पीक चांगलं येतं, सगळं मान्य. पण सासऱ्यानं जावयाच्या सोप्यावर बसून काय करायचं? तंबाखूच्या वासानं शिंकायचं? इथं निदान मागाचा आवाज माझा मला ऐकू येतो. तेव्हा मी सौदा केला. मागावर लुगडं निम्म्यावर होतं, तुझ्या कांड्यांवर सुरू झालेलं. ते पुरं करू दे, मग बघू, म्हणालो. ती म्हणाली, "अमुशेला माग बंद असतोय. त्या दिशी न्यायाला यीन मी. मग कारन चालनार न्हाई." आणि निपाणीच्या मोटारीत बसून गेली. लढाई संपली तरी मोटार अजूनही कोळशावरच चालते. चढाला माणसांना उतरून ढकलावी लागते, पण जाते.

म्हणजे अमावस्येपर्यंत लुगडं पुरं करायचं होतं आणि टोपलीत कांडी नव्हती. गंगाक्कांना हे कोणी सांगितलं देव जाणे. एका सकाळी त्या डोक्यावर टोपली घेऊन दारात उभ्या. काठोकाठ भरलेली. "अण्णा, सुनंला बशिवलं आनि भरून घेतल्या. आता कुनाची वाट बगू नगा."

काय सांगू तुला, आधी मला आनंद झाला. ज्या टोपलीसाठी तुझ्याशी जन्मभर भांडलो ती ही अशी शेजारी येऊन बसली. मी खड्ड्यात उतरलो आणि धोटा सोडला. एक कांडी संपली की हात खाली करायचा, दुसरी वर. ओरडायचं काम नाही, थांबायचं काम नाही. मास्तरांनी सांगितलं होतं तसा दिवस अगदी बांधून मिळाला. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं, निघून गेलं. चुलीवर ठेवलेला भात तसाच राहिला. कोणी उठा म्हणालं नाही.

दिवेलागणीला टोपली रिकामी झाली आणि मी उठायला गेलो तर कमरेखाली पाय आहेत असंच वाटेना. हातांनी काठाला धरून वर यायला बघितलं आणि कोपर घसरून खांबावर आपटलो. तसाच जमिनीवर बसून राहिलो. तेव्हा ध्यानात आलं की सकाळपासून माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. खात्री करून घ्यायला मोठ्यानं "राम" म्हणालो, तर आवाज घोगरा, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. मला त्या क्षणी फार भीती वाटली. मरणाची नव्हे. असे दिवस पुष्कळ येणार आहेत याची.

गंगाक्का भाकरी घेऊन आल्या तर मी खाली. त्यांनी पाय चोळले, पाणी दिलं, टोपलीत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"सगळ्या संपिवल्यासा?"

"मग काय पुजायला ठेवू?"

"म्हनूनशान वयनी देत न्हवत्या तुमास्नी."

"ती काय देणार? हात हळू तिचा."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "हळू? अण्णा, तुमी सूत आनाय गेलतासा की वयनी आमच्याकडं यून माझी टोपली भरत हुत्या. बगता बगता भरायच्या. माझ्या सुनंला जलमात जमायचा न्हाई त्यो हात. मी एकडाव इचारलं बी, घरात अण्णा कांडी कांडी म्हनून वरडत्यात आनि तुमी हितं कशाला भरतासा? तर म्हनल्या, ह्यास्नी टोपली दिली तर ह्ये मामंजींगत बसत्यात. मी हाय तवर बसू द्याची न्हाई."

मी त्यांना जा म्हणालो. चांगल्या शब्दांत म्हणालो असेन असं वाटत नाही.

म्हणजे तू मला फसवलंस! सूत अजून मापानंच मिळतं, त्यासाठी मी उन्हात रांगेत उभा आणि तू तिकडं दुसऱ्याच्या मागाला टोपल्या भरून देतेस. घरी आलो की पुन्हा कासव. त्या दिवशी तू समोर असतीस तर असा भांडलो असतो की गल्ली गोळा झाली असती. तू समोर नाहीस याचाच मग जास्त राग आला.

राग उतरल्यावर जुनं एकेक आठवायला लागलं. तू नवी सून होतीस तेव्हा वडिलांच्या मागाशेजारी टोपली ओसंडून वाहायची. वडील येईल त्याला सांगायचे, सुनंचा हात बगा, मला उठूच देत न्हाई. तू मान खाली घालून हसायचीस आणि आणखी भरायचीस. पुढं त्यांचे पाय गेले. त्यांना वर काढताना तू दाराआड उभी राहून बघायचीस, पदर तोंडात धरून. मी मागावर बसायला लागलो आणि तुझा हात हळू झाला. शांता तेव्हा लहान होती, मी समजलो पोरीमागं धावून बाई थकली. तो थकवा जन्मभर कसा पुरला, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तू ते वडिलांचं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतंस का? त्यात तुझा काय दोष होता? विचारायचं आहे, पण कोणाला विचारू?

तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही बघ. मला सांगायचं होतंस. सरळ सांगायचं, की असं असं आहे, म्हणून मी देत नाही. तू म्हणशील, सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. दुसऱ्या कोणाकडून भरून घेतल्या असत्या. पण सांगायचं तरी. एवढ्या वर्षांत एकदा तरी.

दुसऱ्या दिवशी मी तुझा रहाट झटकला आणि सोप्यावर तुझ्या जागी बसलो. गंगाक्कांची टोपली परत पाठवली. कांडी भरणं हे काही पुरुषाचं काम नव्हे, आणि माझ्या हाताला ते येतही नाही. सैल भरली की सूत धोट्यात गुंततं, घट्ट भरली की तुटतं. तुझ्या कांडीचं सूत कधी तुटलं नाही, हे मला माझी कांडी तुटल्यावर कळलं. जाणारे येणारे थांबून बघत होते. पलीकडचा दत्तू म्हणाला, "काय अण्णा, आता नथ कवा घालनार?" मी म्हणालो, "तुझ्या बायकोची घेऊन ये, घालतो." बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडून काही वेडंवाकडं निघालं आणि बरं वाटलं.

तिथं बसल्यावर गल्ली दिसते. मी या घरात जन्मलो, पण पाठ दाराकडं करून. कोण कधी बाहेर पडतं, कोणाची भांडणं, कोण संस्थानातल्या आपल्या शहापुरातून रस्ता ओलांडून साहेबाच्या बेळगावात कामाला जातं, हे सगळं तुझ्यासमोर रोज चाललेलं असायचं. मला उठवून बाहेर आणायचीस ती यातलं थोडं मलाही मिळावं म्हणून, असं आता वाटतं. ज्या म्हाताऱ्याची विचारपूस करायला लावायचीस तो तू गेल्यावर रोज माझ्या दारात थांबतो. त्याचं नाव मला तुझ्यामुळं ठाऊक.

आणि मान वळवली की मागाचा खड्डा दिसतो. अगदी सरळ. तिथं बसून तू दिवसभर माझी पाठ बघत असणार. आता तिथून खड्डा दिसतो आणि आत कोणी नसतं. ते बघवत नाही, म्हणून मी दाराकडंच बघत कांडी भरतो.

चार भरतो. मग उठून मागावर जातो. त्या संपल्या की पुन्हा उठून रहाटावर. काम कसं रेंगाळतं म्हणून सांगू! अमावस्या आली तेव्हा लुगडं गंगाक्कांच्या टोपलीवर झालं होतं तिथून जेमतेम हातभर पुढं सरकलेलं.

शांता आली. अंगावर तिच्या लग्नातलं लुगडं होतं, तुझ्या कांड्यांचं, माझ्या विणीचं. आल्या आल्या मागाकडं गेली आणि भडकली. "आप्पा! ह्ये काय? मुद्दाम लांबिवतासा व्हय?" मग तिची नजर टोपलीवर गेली. भरलेल्या मोजक्या कांड्या, रिकाम्यांचा ढीग. ती खाली बसली. एक कांडी उचलून बोटांनी दाबून पाहिली.

"ह्या कुनी भरल्या?"

"मी. वाईट भरल्यात, ठाऊक हाय मला."

"एवढ्याच का?"

"संपल्या की उठावं लागतंय, म्हनून."

ती एकदम रडायला लागली. म्हणाली, "अव्वानं मला सांगून ठेवलंतं. मी माहेरला आलो तर आप्पास्नी टोपली भरून द्याची न्हाई, चारच द्याच्या. आनि तिला काय झालं तर तुमास्नी हितं ठेवायचं न्हाई. उठवनारं कोन न्हाई म्हनून."

बघ, पोरीला ठाऊक, गंगाक्कांना ठाऊक, बहुतेक दोडक्यालाही ठाऊक असावं. मला तेवढं नव्हतं. आणि शांतेनं "उठवाय कोन हाय" म्हटलं होतं ते आजोबांना आठवून नव्हे. ते तुझे शब्द होते.

ती दुसऱ्या दिवशी राहिली. सोप्यावर बसून शेंगा फोडत होती, पण डोळा माझ्यावर. मी काही दाखवायला गेलो नाही. कांडी संपली, उठलो, रहाटावर आलो, भरल्या, परत गेलो. गुडघे कुरकुरले, पण उठलो. दुपारी तिनं आपली पिशवी भरली, त्यात माझी धोतरं घातली नाहीत. मोटारीत चढताना म्हणाली, "फुडल्या अमुशेला यीन. टोपली बगनार मी." मी मान हलवली. मोटार धूर सोडत निपाणीच्या रस्त्याला लागली आणि मी चालत घरी आलो.

घरात कोणी नव्हतं. मी मागावर बसलो आणि उरलेल्या कांड्या लावल्या. तुझं सूत कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं ते लुगड्यात स्पष्ट दिसतं. तुझ्याकडचं एकसारखं, मधे त्या एका दिवसाचं गंगाक्कांच्या टोपलीचं, माझ्याकडचं गाठी-गाठींचं. दुकानदार नाक मुरडील, मुरडू दे.

शेवटची कांडी संपली. हात सवयीनं थांबला आणि मी ओरडलो, "कांडीऽऽ!"

ओरडल्यावर मला कळलं. तरी मी थांबलो, कान सोप्याकडं लावून, तू उत्तर द्यायला जेवढा वेळ लावायचीस तेवढा. मग फणीवर हात ठेवला, मीच म्हणालो, "साकु," आणि खड्ड्यातून वर आलो.

परड्यात गेलो. दोडक्याचा वेल केव्हाच वाळलाय. तरी पाणी घातलं.